सातबाऱ्यावरची ती ४३ ची ओळ

मंडळी, पौष पौर्णिमेला म्हसोबाच्या यात्रेला येणारे पाहुणे पूर्वी बैलाचा भाव विचारायचे. आता त्यातले निम्मे जागेचा विचारतात. मग सातबारा निघतो आणि 'इतर हक्का'त एक नोंद दिसते, कुळकायदा कलम ४३. एजंट म्हणतो, "काही नाही साहेब, जुनी नोंद आहे." जुनी आहेच. कुठून आली, ते सांगतो.

आपल्याकडची बरीच भातखाचरं एकेकाळी सावकाराच्या नाहीतर बाहेरगावी राहणाऱ्या मालकाच्या नावावर होती. कसायचं कुळाने. खळ्यावर भात झोडपलं की आधी मालकाचा खंड मोजायचा, उरेल ते घरी. अर्धेलीने जमीन असेल तर निम्मं गेलंच. जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद आपल्या शेजारी टिटवाळ्याला भरली. त्याच वर्षी गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली तलासरी-उंबरगावचे वारली वेठीविरुद्ध उठले. कायदे काही आभाळातून पडले नाहीत.

१९४८ च्या कुळकायद्याने खंडाला मर्यादा घातली. जिरायतीला पिकाचा जास्तीत जास्त तिसरा हिस्सा, बागायतीला चौथा. पण कुळाने 'राजीखुशीने' जमीन सोडली तर मालकाला ती परत मिळायची. त्या राजीखुशीचं काय सांगावं! गोखले इन्स्टिट्यूटच्या दांडेकर आणि खुदनपूर यांनी या कायद्याची पाहणी केली, तेव्हा अशी जमीन सोडल्याची प्रकरणं ढिगाने सापडली. कागदावर अंगठा कुळाचा, मर्जी मालकाची.

म्हणून १९५६ ची दुरुस्ती आली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं खरेदीदार झालं. किंमत साऱ्याच्या २० ते २०० पट, तीही हप्त्याने. मालकाला स्वतः कसायची असेल तर ३१ मार्चपर्यंत अर्ज करायचा होता.

आता मालकाची बाजूही बघू. प्रत्येक मालक काही सावकार नव्हता. दोन एकर खंडाने देऊन जगणारी विधवाही कायद्याच्या लेखी जमीनमालकच. म्हणून विधवा, अज्ञान मुलं, अपंग आणि फौजेतले जवान यांच्या जमिनीची खरेदी पुढे ढकलली. सवलत रास्त होती, पण खरी भांडणं तिथेच लागली. ती बाई वारल्यावर कुळाने ठरलेल्या मुदतीत खरेदीची नोटीस द्यायची होती. मालकीण कल्याणला वारली, हे डोंगरातल्या कुळाला कोण सांगणार? मुदत गेली की हक्कावर वाद. पिढ्यान् पिढ्या कसणारे त्यात अडकले.

ज्यांची खरेदी झाली त्यांना ३२ग खाली किंमत ठरवून मिळाली आणि पैसे भरल्यावर ३२म चं प्रमाणपत्र. त्याच जमिनीवर कलम ४३ बसलं, म्हणजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही. अडचणीतल्या कुळाकडून सावकाराने ती पुन्हा उचलू नये, हा हेतू. २०१४ मध्ये ते सैल झालं. खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर साऱ्याच्या ४० पट नजराणा भरायचा, परवानगी नको. सारा किती, ते आठवा. एकरी काही रुपये. त्याच्या ४० पटीत यात्रेत बैलाची झूलसुद्धा येत नाही.

घेणारा मात्र आजही शेतकरीच लागतो, कलम ६३. तो नसेल आणि व्यवहार तहसीलदारापुढे गेला, तर ८४क खाली तो अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. आदिवासीची जमीन असेल तर ही सूट नाहीच, तिथे महसूल कायद्याचं ३६अ लागतं.

तेव्हा "जुनी नोंद आहे" म्हणणाऱ्याला आधी ३२म चं प्रमाणपत्र दाखवायला सांगा. विकणारे आपण असलो तर आपलं आपण शोधा. घरातल्या ट्रंकेत नसेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज टाका, आजोबांचं नाव आणि जुना सर्व्हे नंबर घालून.