खानदेशातील जिनिंग कारखाने व कामगारांची सुरक्षितता

बोंडांतून वेचलेल्या कापसातील सरकी वेगळी करून रुई मिळविणे, या क्रियेस जिनिंग व रुई दाबून तिच्या गाठी बांधण्याच्या क्रियेस प्रेसिंग म्हणतात. तापी खोऱ्यातील काळ्या जमिनीमुळे कापूस हे खानदेशाचे प्रमुख नगदी पीक ठरले आणि यंत्रयुगाचा या प्रदेशाशी पहिला व्यापक संबंध आला, तो मुख्यतः या दोन क्रियांमुळे. सध्याचा नंदुरबार जिल्हा पूर्वी खानदेशात व १९०६ च्या विभाजनानंतर पश्चिम खानदेशात मोडत असे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन तो स्वतंत्र झाला.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) तेथील कापसाचा पुरवठा खुंटल्याने इंग्लंडमध्ये हिंदी कापसाची मागणी वाढली आणि याच सुमारास लोहमार्गही खानदेशात पोहोचला. १९०० च्या सुमारास सुरत ते जळगाव हा तापी खोऱ्यातील मार्ग सुरू होऊन नंदुरबार, नवापूर ही गावे त्याने जोडली गेली. कापूस आहे तेथेच सरकी काढून गाठी रवाना करणे किफायतशीर असल्याने बाजारपेठांच्या गावी वाफेवर चालणारे कारखाने उभे राहिले. हातचरकीची जागा मॅकार्थी पद्धतीच्या (१८४०) जिनने घेतली. तिच्यात चामड्याचा फिरता रूळ रुई ओढून घेतो, स्थिर पाते सरकीला अडविते व हलते पाते ती झटकून टाकते. या पद्धतीत तंतू फारसा तुटत नाही, म्हणून करवती जिनपेक्षा भारतात तीच अधिक रूढ झाली.

धोक्यांचे स्वरूप : जुन्या कारखान्यात एकाच इंजिनावर लांब दंड फिरे व त्यावरून पट्ट्यांनी रांगेतील प्रत्येक जिनला गती मिळे. जिनला हाताने कापूस भरविण्याचे काम बहुधा स्त्रिया करीत. पदर किंवा धोतराचा सोगा पट्ट्यात अडकणे आणि रुळाजवळ बोटे जाणे, हे नित्याचे धोके होत. एखादी जिन बंद केली, तरी मुख्य दंड फिरतच राही. कापसातून आलेला खडा वा लोखंडी तुकडा पात्यावर घासून ठिणगी उडाल्यास, किंवा तेलाविना धारवा तापल्यास, हवेत तरंगणाऱ्या तंतूंमुळे आग क्षणात पसरे.

कायद्याचा इतिहास : हिंदुस्थानातील पहिला कारखाना अधिनियम १८८१ मध्ये झाला. धोकादायक यंत्रांना कुंपण घालणे व अपघाताची खबर देणे त्याने आवश्यक केले. तथापि शंभर किंवा अधिक कामगार असलेले व वर्षातून चार महिन्यांहून अधिक काळ चालणारे कारखानेच त्याच्या कक्षेत येत. हंगामी जिनिंग कारखाने त्यामुळे बहुतांशी बाहेर राहिले. १८८४–८५ च्या मुंबई कारखाना आयोगापुढे खानदेशातील कारखान्यांविषयी झालेल्या साक्षीत असे आढळले, की एरव्ही पहाटे चार-पाचपासून रात्री आठ-नऊपर्यंत काम चाले आणि ऐन हंगामात तेच कामगार सुमारे आठ दिवस रात्रंदिवस राबत. झोपेने डोळे मिटणारा माणूस उघड्या पट्ट्याजवळ उभा असेल, तर अपघात हा केवळ दैवाचा भाग राहत नाही.

चार महिन्यांहून कमी काळ चालणारे कारखाने १९११ च्या अधिनियमाने कक्षेत आणले. म्हणजे पहिल्या कायद्यानंतर तीस वर्षांनी. तरीही स्त्रियांना रात्री कामास लावण्यावरील बंदीतून जिनिंग-प्रेसिंगला सूट होती. १९२२ च्या अधिनियमाने वीस कामगारांचे कारखाने अंतर्भूत केले, आठवड्यास साठ तासांची मर्यादा घातली आणि स्त्रियांचे रात्रीचे काम बंद केले. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाने इजा व मृत्यू यांबद्दल भरपाई मिळू लागली. १९२५ च्या कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखाना अधिनियमाचा उद्देश मात्र मुख्यतः भेसळ रोखण्याचा होता. १९४८ च्या कारखाना अधिनियमातील कलम २७ प्रेसिंग कारखान्यांपुरतेच होते : ओपनर यंत्र चालू असलेल्या भागात स्त्रिया व मुले यांना कामावर ठेवण्यास त्याने मनाई केली, फक्त पुरेशा उंचीच्या भिंतीने विभागलेल्या भरणी-बाजूस सूट दिली.

नवे तंत्र व नवे प्रश्न : फेब्रुवारी २००० मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानाच्या चौथ्या उपअभियानातून जुन्या कारखान्यांच्या आधुनिकीकरणास अर्थसाहाय्य मिळाले. दुहेरी रुळांच्या जिन, स्वयंचलित भरणी, हवेच्या झोताने होणारी वाहतूक व नवे दाबयंत्र यांचा प्रसार झाला. येथेही मूळ हेतू रुई स्वच्छ मिळावी हा होता. परंतु जिनला स्वतंत्र विद्युत् मोटर आल्याने लांब दंड व पट्टे गेले, हाताने भरविणे थांबले आणि डोक्यावरील ओझी कमी झाली. याउलट, हवेच्या नळातून ठिणगी एका विभागातून दुसऱ्यात वेगाने जाऊ शकते. म्हणून मार्गात चुंबक व ठिणगीशोधक बसविणे आवश्यक ठरते. क्रोमने कमाविलेल्या चामड्याच्या रुळांची धूळ आरोग्यास अपायकारक असल्याने मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पर्यायी रूळ विकसित केले. तंतूमय धुळीमुळे होणारा फुप्फुसाचा विकार (बिसिनोसिस) व सततचा आवाज हे धोके मात्र झाकणांनी वा कुंपणांनी टळत नाहीत; त्यांसाठी धूळशोषण, मुखवटे व वैद्यकीय तपासणी यांची गरज असते.

२०२० ची व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात येऊन तिने १९४८ च्या अधिनियमाची जागा घेतली. शक्तीवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या तीत दहाऐवजी वीस कामगारांपासून सुरू होते. यंत्रांनी मनुष्यबळ घटविले असताना ही मर्यादा लहान जिनिंग कारखान्यांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. दर हंगामाला नवी माणसे कामावर येतात. त्यामुळे यंत्र सुधारले, तरी पहिल्या दिवशीचे प्रशिक्षण आणि चालू यंत्रात हात न घालण्याची शिस्त यांची आवश्यकता दर वर्षी नव्याने निर्माण होते.