बॉनेटवरचा क्रमांक, बंपरवरचे नाव : युद्धातल्या एका ट्रकचा जीर्णोद्धार

जुने लष्करी ट्रक पुन्हा उभे करण्याचा छंद असलेला जाणकार माणूस बॉनेटवर एकदम तारेचा ब्रश चालवत नाही. बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून तो रंगाचा एकेक थर हलक्या हाताने उतरवतो. वर फ्रेंच लष्कराचा हिरवा रंग असतो, त्याखाली कधी आणखी एखादा. आणि दैव चांगले असेल तर तळाशी फिकट आकडे उमटतात : १९४४ साली अमेरिकी लष्कराने त्या गाडीला दिलेला क्रमांक. शेंदराचे जाड कवच निखळावे आणि आतली मूळ मूर्ती दिसावी, तसाच हा क्षण.

हा ट्रक म्हणजे जनरल मोटर्सचा ‘जीएमसी सीसीकेडब्ल्यू’. सैनिकांच्या तोंडी त्याचे नाव ‘जिमी’. नावातली अक्षरे कारखान्याच्या परिभाषेतली आहेत : पहिला ‘सी’ १९४१ च्या आराखड्याचा, दुसरा नेहमीच्या धाटणीच्या केबिनचा, ‘के’ पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद मिळते म्हणून आणि ‘डब्ल्यू’ मागच्या दोन चालत्या आसांचा. अडीच टनांचा भार, सहा सिलिंडरचे सुमारे ४.४ लिटरचे इंजिन. या घराण्यातले पाच लाखांहून अधिक ट्रक १९४१ ते १९४५ या काळात तयार झाले.

युद्ध लांबले तशी पोलादाची चणचण भासू लागली. तेव्हा बंद पत्र्याच्या केबिनऐवजी कापडी छताची उघडी केबिन आली आणि हौदाही लाकडी होऊ लागला. त्यामुळे केबिन पाहूनच गाडीच्या वयाचा अंदाज बांधता येतो. दुरुस्ती करणाऱ्याच्या वाट्याला मात्र यातून दुहेरी संकट येते : पत्रा गंजतो आणि लाकूड कुजते.

या ट्रकची खरी कसोटी लागली ती १९४४ च्या उन्हाळ्यात. नॉर्मंडीची कोंडी फुटली आणि दोस्त सैन्य अपेक्षेपेक्षा कितीतरी वेगाने पुढे सरकले. पण जर्मनांची रसद तोडण्यासाठी फ्रान्सचे रेल्वेमार्ग दोस्तांच्याच विमानांनी आधी उद्ध्वस्त केले होते. रणगाडे पुढे, पेट्रोल मागे! २५ ऑगस्टला ‘रेड बॉल एक्सप्रेस’ सुरू झाली. जाण्याचा रस्ता वेगळा, परतण्याचा वेगळा, आणि दोन्हींवर इतर वाहनांना बंदी. ऐन भरात सुमारे सहा हजार ट्रक या फेऱ्यांत होते आणि एका दिवसात बारा हजार टनांहून अधिक माल पुढे गेला. ताशी २५ मैलांची मर्यादा कागदावरच राहिली. इंजिनाचा वेग आवरणारा गव्हर्नर चालकांनी स्वतःच निकामी केला, हे तर प्रसिद्धच आहे. १६ नोव्हेंबरला ही वाहतूक थांबली, तोवर टायर, इंजिने आणि माणसे सारीच थकली होती.

त्या चालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय होते. अमेरिकी लष्करात तेव्हा वर्णभेद अधिकृत होता. बहुसंख्य कृष्णवर्णीय सैनिकांना लढाऊ तुकड्यांऐवजी रसद, बांधकाम आणि हमालीच्या कामांवर धाडले जाई. हा भेद संपवण्याचा अध्यक्ष ट्रुमन यांचा आदेश निघाला १९४८ मध्ये. १९५२ मध्ये याच नावाचा चित्रपट हॉलिवुडने काढला, तेव्हाही नायक गोरा जेफ चँडलरच होता; सिडनी पॉटियर दुय्यम भूमिकेत. हीच गोष्ट आपल्या भूमीवरही घडली. आसाममधल्या लेडोपासून चीनकडे जाणारा रस्ता खोदणाऱ्या अमेरिकी सैनिकांत बहुसंख्य कृष्णवर्णीयच होते, आणि १२ जानेवारी १९४५ रोजी पहिला ताफा लेडोहून निघाला.

आता छंदाकडे परत येऊ. बॉनेटवरचा क्रमांक त्या विशिष्ट गाडीचा असतो; बंपरवरची अक्षरे मात्र ती गाडी ज्या तुकडीकडे होती तिची. तुकडी बदलली की बंपर पुन्हा रंगवला जाई. युद्धानंतर हजारो जिमी फ्रेंच लष्कराकडे गेले आणि कित्येक दशके राबले. कार्यशाळांत त्यांची इंजिने उतरली, दुसरी चढली, आस बदलले. त्यामुळे बॉनेटचा क्रमांक सापडला तरी बंपरवर काय होते याचा पुरावा क्वचितच हाती लागतो. ती जागा मालकाला स्वतःच्या निवडीने भरावी लागते.

अशा वेळी एखाद्या नामांकित लढाऊ तुकडीचे नाव रंगवण्याचा मोह मोठा असतो. छत्रीधारी सैनिकांचे चिन्ह पाहिले की जत्रेतली मुले धावत येतात. रसद विभागाच्या ट्रक कंपनीचा चार आकडी क्रमांक पाहून कोण थांबणार? परंतु ज्या ट्रकचा पूर्वेतिहास ठाऊक नाही, त्याच्यासाठी तोच क्रमांक अधिक प्रामाणिक ठरतो. कारण हा ट्रक मुळात जन्मला माल वाहण्यासाठीच. संदर्भ हवा असेल तर ५ सप्टेंबर १९४४ चे एक छायाचित्र उपलब्ध आहे. आलाँसाँ गावाजवळ ७८३ व्या लष्करी पोलीस बटालियनचा कॉर्पोरल चार्ल्स एच. जॉन्सन हात करून ताफ्याला पुढे जाऊ देत आहे. त्याच्या शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या अंगावर प्रदर्शनातली चकाकी मुळीच नाही.

गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसासारखी करायची, की पोचे, ठिगळे आणि फ्रेंच कार्यशाळेच्या खुणांसह जपायची, यावर छांदिष्टांत एकमत नाही. काही जण मधला मार्ग काढतात. बाकी सारी गाडी नव्याने रंगवतात. बॉनेटवर मात्र वीतभर जागा घासलेली तशीच ठेवतात आणि तिच्यावर पारदर्शक वार्निशचा हात फिरवतात. त्या चौकोनात सगळे थर एकाखाली एक दिसतात आणि तळाशी ते फिकट आकडे.