फुकटची वाळू, विकतची वाट

कॅलिफोर्नियात खिशात कितीही डॉलर असले तरी ओली वाळू सहसा विकत घेता येत नाही. समुद्राकाठी बंगला घ्या, अख्खी टेकडी घ्या, पण भरतीचं पाणी सरासरी जिथवर येतं त्या रेषेच्या खालची पुळण जनतेची. म्हणजे तुमची-माझी, आणि काखेत सर्फबोर्ड मारून उतरणाऱ्या कुठल्याही सोम्यागोम्याची. ही सरासरी दोनचार दिवसांची नाही हं, चांगली 18.6 वर्षांच्या भरत्यांची काढतात, कारण चंद्राचं एक चक्र पुरं व्हायला तेवढा वेळ लागतो. (आमच्या ऑफिसात कुणी एवढा लांब मूव्हिंग ॲव्हरेज लावला तर कोड रिव्ह्यूमध्येच लटकेल.) समुद्र आणि त्याचा काठ सगळ्यांचा, ही कल्पना मूळची रोमन कायद्यातली, इंग्लंडमार्गे इकडे आली. 1879 च्या राज्यघटनेत तर पाण्याकडे जाणारी वाट मालकानं अडवू नये असंही लिहून ठेवलंय.

मग भांडण कशाचं? वाटेचंच! वाळू फुकट, पण तिथवर पोचायला जी कोरडी जमीन तुडवावी लागते तिला मालक असतो. गावाकडे बांधावरच्या वहिवाटीचे तंटे ज्यांनी पाहिलेत त्यांना जास्त सांगायला नको.

1960 च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सी रँच नावाची वसाहत उभी राहायला लागली आणि जवळजवळ 16 किलोमीटर किनाऱ्याकडे जाणं लोकांना बंद होणार असं दिसलं. लोक खवळले. 1972 मध्ये त्यांनी मतदान करून किनारा वाचवणारा कायदा पास केला आणि 1976 मध्ये पक्का कोस्टल ॲक्ट आला. असो. मला सांगायचंय ते याच्या बरंच नंतरचं आहे.

हाफ मून बेच्या दक्षिणेला हायवे 1 सोडून एक रस्ता खाली उतरतो. तिथे मार्टिन्स बीच आहे. पॅसिफिकच्या लाटा थेट अंगावर घेणारा, दोन्ही बाजूंनी कड्यांनी अडवलेला. चालत जायला तोच एक रस्ता. पूर्वीचे मालक पार्किंगचे थोडे पैसे घेत, छोटं दुकान चालवत, आणि लोक पिढ्यानपिढ्या मासे धरायला, पोहायला, लाटांवर खेळायला येत. 2008 मध्ये ही जागा सुमारे सव्वातीन कोटी डॉलरला विकली गेली. घेणारे विनोद खोसला. होय, तेच! 1982 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स सुरू करणाऱ्या चौघांपैकी एक, व्हॅलीतल्या आपल्या लोकांचे हीरो. (आपल्यातले निम्मे ज्या जावावर पोट भरतात ती सनमधलीच, ते बाहेर पडल्यानंतरची.) काही काळानं रस्त्यावरचं फाटक बंद झालं.

2012 मध्ये पाच सर्फर फाटक ओलांडून खाली गेले आणि अटक झाले. पुढे आरोप रद्द झाले. मग सर्फरायडर फाउंडेशन ही सर्फर लोकांची संस्था कोर्टात गेली, आणि 2014 मध्ये जो निकाल आला तो मला फार आवडतो. कोस्टल ॲक्टमध्ये 'डेव्हलपमेंट'ची व्याख्या अशी आहे की समुद्राकडे जाण्यायेण्यात बदल करणं हेसुद्धा डेव्हलपमेंट. म्हणजे एक वीट न रचता नुसतं फाटक लावलं तरी ते बांधकामासारखंच, त्याला परमिट लागतं. 2017 मध्ये वरच्या कोर्टानं हे उचलून धरलं आणि 2018 च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं मालकाचं अपील ऐकायलाच नकार दिला.

मी गेलो तेव्हा फाटक उघडं होतं. बरोबर ऑफिसातला एक सर्फर मित्र. तो काळा रबरी सूट चढवून पाण्यात शिरला, मी घोट्यापर्यंत गेलो आणि बोटं बधिर झाल्यावर परत फिरलो. शार्कच्या पंखासारखा एक मोठा खडक आहे, त्याच्या अलीकडे लाटा फुटतात. तास दीड तास नुसतं बघत बसलो. इतकी सुंदर जागा आपल्या एकट्याची असावी असं एखाद्याला वाटणं मला समजू शकतं, खरंच. मालकाचा मुद्दाही अगदी टाकाऊ नव्हता. तोट्यातलं पार्किंग मी जन्मभर का चालवायचं, असं ते साधारण होतं.

पण खरी गंमत पुढे आहे. 1970 मध्ये सांताक्रूझच्या एका खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टानं ठरवलं होतं, की लोक पाच वर्षं एखादी किनाऱ्याची जागा सार्वजनिक असल्यासारखी, कुणाची परवानगी न मागता वापरत राहिले तर तिथे जनतेचा हक्क तयार होतो. (पुढच्याच वर्षी कायदा करून त्याला लगाम घातला गेला, पण जुनी वहिवाट सिद्ध करता आली तर ती टिकते.) मार्टिन्स बीचवर तर कित्येक वर्षांची वर्दळ! तरीही एका वेगळ्या खटल्यात 2019 मध्ये निकाल मालकाच्या बाजूनं लागला. का? तर जुने मालक पार्किंगचे पैसे घेत होते. पैसे घेतले म्हणजे परवानगी दिली, आणि परवानगीनं आलेल्या माणसाची वहिवाट होत नाही. ते बिचारे फुकट सोडत असते तर कदाचित रस्ता केव्हाच सगळ्यांचा झाला असता. इमानदारीत गाडी लावून पैसे मोजणाऱ्या लोकांनी स्वतःच्याच नातवंडांची वाट घालवली म्हणायची.

मधल्या काळात राज्यानं तो रस्ता वापरायचा हक्क विकत घ्यायचाही प्रयत्न केला. सरकारी अंदाज होता 3 लाख 60 हजार डॉलर. 2016 मध्ये मालकाच्या बाजूनं किंमत सांगितली गेली सुमारे 3 कोटी. अख्खी जागा, कडे, घरं, रस्ता सगळं धरून सव्वातीन कोटीत आलं होतं, लक्षात आहे ना? सौदा अर्थातच झाला नाही, आणि 2020 च्या जानेवारीत राज्य सरकारनं स्वतःच दावा लावला, की वहिवाट पडलेली आहे, पार्किंगचे पैसे घेतले असले तरीही.