खारा वारा आणि वळीव

बदलापूरच्या पश्चिमेला चंदेरी आणि मलंगगडाची रांग आडवी. खारा वारा मुंबईला दुपारीच लागतो, आमच्याकडे यायला दिवस कलतो. मे महिन्यात घाम येतो, पण वाळत नाही. गारवा काय तो अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवालयात. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं कल्याण कॅम्पातल्या लष्करी बराकींत राहिली. 1949 साली त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. त्यांच्या सिंध हैदराबादेत छपराछपरावर वारा धरायचे झरोके असत. इथं झरोका बांधून करणार काय, वाराच नाही!

आमची आजी मात्र पूर्वेकडं बघायची. एका वर्षी सिद्धगडाच्या अंगाला ढग काळवंडले, तशी बाबांना म्हणाली, "आजच्या आज राब भाजून घे रं." बाबा म्हणाले, "उद्या बघू." रात्री वळीव गडगडत आला. भिजलेला राब धड भाजलाच नाही. पुढं रोपात तण माजलं आणि आईचा आषाढ निंदण्यात गेला. ठाकरणींची जांभळंही त्याच रात्री झडली, सकाळी स्टेशनवर एक द्रोण दिसला नाही.

बाबा गप्प. आजी ओट्यावर पाय पसरून म्हणाली, "पर निजाया तरी मिळालं रातचं."