घरच्या संगणकांतील फडताळें

आपल्या स्वयंपाकघरांतील मांडणी एकदां नीट पाहा. डाळी एका ओळींत असतात, मसाल्याचे डबे दुसऱ्या ओळींत. मीठ, तिखट आणि चहासाखर मात्र कोणत्याहि वर्गांत न बसतां शेगडीपाशीं हाताच्या अंतरावर असतात, आणि सणावाराचीं मोठीं पातेलीं माळ्यावर चढलेलीं असतात. ही व्यवस्था कोणीं लिहून दिलेली नसते. ती ज्या घराची त्या घरानें ठरविलेली असते, आणि शेजारच्या घरांत तिचा कांहीं उपयोग होत नाहीं. संगणकांत आपण जे प्रोग्राम बसवितों त्यांची मांडणी कोणीं करावी व कोणत्या तत्त्वावर करावी, हा प्रश्नहि असाच घरगुती दिसतो. परंतु त्याला चाळीस वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि तेवढ्या अवधींत मांडणीचा अधिकार अनेकदां एका हातांतून दुसऱ्या हातांत गेलेला आहे. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

१९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीचा वैयक्तिक संगणक बाजारांत आला. त्याच्याबरोबर मिळणाऱ्या डॉस या कार्यप्रणालींत फोल्डर ही वस्तूच नव्हती. फ्लॉपी नांवाच्या लवचीक तबकडीवर १६० किलोबाइट मजकूर राही, आणि तिच्यावरील सर्व फाइलींचीं नांवें एकाच यादींत उलगडत. त्यामुळें वर्गीकरण संगणकांत होत नसे, तें टेबलावर होई. पत्रलेखनाची फ्लॉपी वेगळी, हिशेबाची वेगळी, खेळांची वेगळी, आणि प्रत्येकीवर हातानें लिहिलेली चिठ्ठी. मार्च १९८३ मध्यें याच घराण्यांतील एक्सटी हा संगणक १० मेगाबाइटांच्या हार्ड डिस्कसह निघाला आणि चिठ्ठ्यांची ही पद्धत अपुरी पडली. त्याच्यासाठीं तयार झालेल्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तींत कप्प्यांत कप्पा करण्याची सोय प्रथम आली. कल्पना मात्र जुनी होती. मल्टिक्स या मोठ्या संगणकप्रणालीसाठीं रॉबर्ट डेली आणि पीटर न्यूमन यांनीं १९६५ सालीं एका निबंधांत ती मांडली होती. मल्टिक्सकडून ती युनिक्सकडे गेली आणि युनिक्सकडून डॉसनें घेतली. अ‍ॅपल कंपनीच्या १९८४ च्या मॅकिन्टॉशवर फोल्डराचें चित्र दिसे खरें, परंतु प्रथम तें केवळ चित्रच होतें, तबकडीवर सर्व फाइली एकाच पातळीवर पडलेल्या असत. खरे कप्पे तेथें १९८५ सालीं आले.

डॉसमध्यें कप्पे मिळाले, तरी ते उघडण्यास आज्ञा टंकाव्या लागत. तेव्हां हौशी लोक एक युक्ति करीत. ते चार ओळींची एक बॅच फाइल लिहून ठेवीत. संगणक सुरू झाला कीं पडद्यावर यादी येई : एक दाबा, पत्र लिहा, दोन दाबा, हिशेब करा, तीन दाबा, खेळा. या ओबडधोबड याद्यांविषयीं मला मोठा आदर वाटतो. त्यांत प्रोग्रामाचें नांव नसून कामाचें नांव असे, आणि तें ज्याच्या घरचें त्याच्याच तोंडचें असे.

२२ मे १९९० रोजीं मायक्रोसॉफ्टची विंडोज ३.० ही आवृत्ति निघाली, आणि प्रोग्रामांचे चित्ररूप वर्ग बहुसंख्य लोकांनीं प्रथम पाहिले ते तिच्यांत. प्रोग्राम मॅनेजर नांवाच्या चौकटींत ‘मेन’, ‘अ‍ॅक्सेसरीज’, ‘गेम्स’ असे गट असत. आपण नवा गट करावा, त्याला हवें तें नांव द्यावें, आणि एका गटांतील चित्र माउसनें ओढून दुसऱ्यांत टाकावें, एवढें स्वातंत्र्य होतें. गटाच्या आंत गट मात्र करतां येत नसे. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नसे. तें चित्र म्हणजे प्रोग्राम नव्हे. प्रोग्राम डिस्कवर अन्यत्र असे, आणि चित्र ही केवळ त्याच्या पत्त्याची चिठ्ठी असे. ग्रंथालयांतील कार्ड आणि कपाटांतील पुस्तक यांत जो भेद, तोच येथें.

हा भेद न ओळखल्याची शिक्षा पुढें मीं स्वतः भोगली आहे. घरीं विंडोज ९८ असलेला संगणक होता. शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणें विषयवार वर्ग पाडावे, या उत्साहांत मीं शब्दकोशाचा एक प्रोग्राम मूळ फोल्डरासकट उचलला आणि ‘भाषा’ नांवाच्या नव्या फोल्डरांत नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशीं तो उघडेना. प्रोग्राम बसवितांना त्याचा पत्ता संगणकाच्या नोंदवहींत लिहिला जातो, आणि मीं तर कार्ड हलविण्याऐवजीं पुस्तकच दुसऱ्या कपाटांत नेलें होतें. तीस वर्षें मुलांना ‘प्रश्न नीट वाचा’ म्हणून बजावणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे.

परंतु इतिहासाकडे वळूं. विंडोज ९५ ची आखणी चालली असतां मायक्रोसॉफ्टनें नवशिक्यांना संगणकापुढें बसवून त्यांचें निरीक्षण केलें. केंट सलिव्हन यांनीं १९९६ सालीं एका परिषदेंत दिलेला त्या कामाचा वृत्तान्त वाचण्याजोगा आहे. एक खिडकी दुसरीखालीं झांकली गेली कीं ती नाहींशीच झाली असें नवशिक्यांना वाटे. लागोपाठ दोन टिचक्या मारणें त्यांना जड जाई, आणि कप्प्यांतील कप्पे त्यांना गोंधळांत टाकीत. त्यांच्याकरितां एक निराळें सोपें दालन बांधावें, असा विचार झाला आणि पुढें तो सोडून देण्यांत आला. त्याऐवजीं पडद्याच्या कोपऱ्यांत ‘स्टार्ट’ हें एक बटण आलें. तें २४ ऑगस्ट १९९५ पासून लोकांच्या हातीं पडलें.

बटण उत्तम होतें, पण त्याच्यामागून उलगडणाऱ्या यादींत एक खोड बळावली. जो प्रोग्राम बसवावा, तो आपल्या कंपनीच्या नांवाचा फोल्डर त्या यादींत घाली. त्या फोल्डरांत स्वतः प्रोग्राम, मदतीचें पान, ‘आधीं हें वाचा’ म्हणणारी फाइल आणि प्रोग्राम काढून टाकण्याची सोय, अशीं चार चित्रें असत. वाचनालयांतील कादंबऱ्या, शब्दकोश व पाकशास्त्राचीं पुस्तकें प्रकाशकांच्या नांवांनीं लावलीं आहेत, अशी कल्पना करा! भाजीची कृति हवी असणाऱ्यानें प्रथम प्रकाशकाचें नांव आठवावें, तसा हा प्रकार. मांडणी आतां घरधन्याची राहिली नव्हती, ती विक्रेत्याची झाली होती. दोनतीन वर्षांत ती यादी पडद्याच्या उंचींत मावेनाशी होई. ती निवडून साफ करण्यास मज्जाव नव्हता. स्टार्टची यादी म्हणजे आंतून एक साधा फोल्डरच होता, आणि त्यांतील चिठ्ठ्या हव्या तशा हलवितां येत. परंतु ही मुभा फार थोड्यांना ठाऊक होती, आणि ज्यांना ठाऊक होती त्यांतील पुष्कळांना फुरसत नव्हती.

मग यंत्रानेंच पुढाकार घेतला. विंडोज २००० ही आवृत्ति, आपण बरेच दिवस न वापरलेले प्रोग्राम यादींतून झांकून ठेवूं लागली. वर्षांतून एकदांच लागणारी वस्तु नेमकी त्याच दिवशीं दिसेनाशी व्हावी, हा तिचा गुण! २००१ च्या विंडोज एक्सपीनें वारंवार वापरलेल्या प्रोग्रामांना यादीच्या डाव्या अंगाला बसविलें. २००७ सालीं विंडोज व्हिस्टाबरोबर शोधाचा चौकोन आला. दोन अक्षरें टंकलीं कीं प्रोग्राम हजर. ज्याला नांव ठाऊक आहे त्याला हा चौकोन म्हणजे वरदानच. परंतु ज्याला काम ठाऊक आहे आणि नांव आठवत नाहीं, आणि आमच्या वयांत हेंच अधिक, त्याला वर्गांवांचून गति नाहीं.

लिनक्सच्या जगांत या प्रश्नाचें जें उत्तर निघालें, तें मला सर्वांत विचारपूर्वक वाटतें. तेथें निरनिराळ्या संघांनीं बनविलेलीं कार्यपटलें एकाच वेळीं नांदत होतीं, आणि प्रत्येकाची यादी निराळी. त्यांच्यांत मेळ घालण्यासाठीं हॅवॉक पेनिंग्टन यांनीं २००० सालीं फ्रीडेस्कटॉप हा उपक्रम सुरू केला. त्यांतून पुढें असा संकेत ठरला कीं, प्रत्येक प्रोग्रामानें आपल्यासोबत एक छोटी फाइल आणावी आणि तींत आपण कोणत्या कामाचे आहों तें लिहावें. शिक्षण, खेळ, चित्र, कार्यालय, ध्वनि व चलच्चित्र असे दहाबारा मुख्य वर्ग ठरले. कंपनीच्या नांवाला यांत स्थान नाहीं. शिवाय एका प्रोग्रामानें एकाहून अधिक वर्ग सांगितले तरी चालतात. लिबरऑफिसमधील ड्रॉ हा प्रोग्राम आपण कार्यालयीनहि आहों आणि चित्रकलेचेहि आहों, असें सांगतो. एकाच ग्रंथाला अनेक अंगें असतात हें ओळखून शियाळि रामामृत रंगनाथन यांनीं १९३३ सालीं आपली द्विबिंदु वर्गीकरण पद्धति प्रसिद्ध केली होती. कपाटांत पुस्तक शेवटीं एकाच जागीं ठेवावें लागतें; संगणकांतील चिठ्ठीवर तें बंधन नाहीं.

एवढें साधल्यावरहि तेथें शांतता राहिली नाहीं. २०११ सालीं ग्नोम या कार्यपटलाच्या तिसऱ्या आवृत्तीनें वर्गवार यादीचा जुना मेन्यू काढला. ज्यांना तो हवा होता त्यांनीं जुन्या ग्नोमवरूनच माटे हें नवें कार्यपटल उभें केलें. त्यांतील पहिला उद्योगी माणूस अर्जेंटिनाचा होता आणि नांव तिकडील पेय्याच्या वनस्पतीचें आहे, मराठी आडनांवाशीं त्याचा संबंध नाहीं! पुढच्याच वर्षीं, ऑक्टोबर २०१२ मध्यें, विंडोज ८ नें स्टार्टची यादी काढून तिच्या जागीं संपूर्ण पडदाभर रंगीत चौकोन पसरले. लोक इतके संतापले कीं २०१३ सालीं बटण परत आलें आणि २०१५ च्या विंडोज १० मध्यें यादीहि परत आली. एरवीं कोणी जिच्याकडे ढुंकून पाहात नसे, ती यादी गेल्यावर तिची किंमत कळली.

वेळ थोडा उरला आहे. अलीकडील पाऊल सांगून संपवितों. अ‍ॅपलनें २०१० सालीं आयफोनवर फोल्डर दिले, तेव्हां दोन चित्रें एकत्र आणतांच नांव यंत्र सुचवी, पण तें बदलण्याचा अधिकार आपला असे. २०२० सालीं त्याच फोनवर अ‍ॅप लायब्ररी आली, तींत वर्ग यंत्रच पाडतें आणि ते आपल्याला बदलतां येत नाहींत. २०२५ च्या अखेरीस विंडोज ११ च्या स्टार्टमध्येंहि अशीच वर्गवार मांडणी येऊं लागली. तेथेंहि स्वतःचा नवा वर्ग घालण्याची सोय ठेवलेली नव्हती.

आमच्या घरीं त्याच सुमारास ही मांडणी दिसूं लागली. ती पाहून माझ्या पत्नीनें विचारलें, “यांत महिन्याचें कोठें आहे?” जुन्या संगणकावर तिनें मजकडून ‘महिन्याचें’ या नांवाचा एक वर्ग करून घेतला होता. वीजबिल, बँक, किराण्याचा हिशेब आणि नातवाची फी हीं सर्व एका बैठकींत उरकावयाचीं, म्हणून तीं चारहि चिन्हें तिला एका जागीं हवीं असत. यंत्राच्या वर्गवारींत त्यांतील दोन ‘उत्पादकता’ या सदरांत गेलीं होतीं आणि दोन ‘इतर’ या सदरांत. तेव्हां वरच्या अंगाला, पिन केलेल्या चित्रांच्या भागांत, तीं चारहि एकावर एक ओढून मीं एक फोल्डर केला आणि त्यावर ‘महिन्याचें’ असें नांव घातलें. दर एक तारखेला तो उघडला जातो.