मार्गरीत लाँ : सहाव्या तुकड्यावरचे नाव

भजनातली बाजाची पेटी आपल्याला आता परकी वाटत नाही. पण तिचे माहेर पॅरिसचे. तिथल्या एका कारागिराने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. पेटी पाहिलेल्या माणसाला पियानो ओळखायला वेळ लागायचा नाही. पट्ट्या तशाच काळ्या-पांढऱ्या, फक्त सात सप्तकांहून जास्त. आत मात्र भाता नाही. पट्टी दाबली की नमदा लावलेली हातोडी तारेवर पडते आणि स्वर उमटतो. उमटला की लगेच विरू लागतो. पेटीसारखा तो भात्याच्या जोरावर धरून ठेवता येत नाही. एवढे ध्यानात असू द्या.

हा पियानो आयुष्यभर वाजवणारी आणि शिकवणारी मार्गरीत लाँ ही बाई दक्षिण फ्रान्समधल्या नीम गावी १८७४ साली जन्मली. पुढे पॅरिसच्या सरकारी संगीतविद्यालयात शिकून तिने १८९१ मध्ये पहिले पारितोषिक मिळवले. १९०६ साली त्याच विद्यालयात ती शिक्षिका झाली आणि त्याच वर्षी तिने जोझेफ द मार्लियाव्ह यांच्याशी लग्न केले. हे गृहस्थ सैन्यात अधिकारी, पण जीव सारा संगीतात. बेथोव्हेनच्या चौकडी-वादनाच्या रचनांवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला होता.

तो छापलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि त्याच महिन्यात मार्लियाव्ह रणांगणावर पडले. मार्गरीतबाईंचे जाहीर वादन काही काळ थांबले. चाळिशीतली विधवा, मूलबाळ नाही, घरात पियानो आणि नवऱ्याचे हस्तलिखित. तो ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला.

दरम्यान मोरीस राव्हेल हा संगीतकार पियानोसाठी सहा तुकड्यांची एक माळ रचत होता. जुन्या काळचे फ्रेंच संगीतकार कूपरँ यांच्या स्मरणार्थ असे तिचे नाव. राव्हेल अंगाने किरकोळ. तरी हट्टाने सैन्यात शिरला आणि १९१६ मध्ये व्हर्दंच्या आघाडीजवळ मोटारट्रक चालवीत होता. माळ पुरी झाली तेव्हा प्रत्येक तुकडा त्याने युद्धात गेलेल्या आपल्या मित्रांच्या नावे केला. शेवटच्या, सहाव्या तुकड्यावर नाव होते कॅप्टन जोझेफ द मार्लियाव्ह.

११ एप्रिल १९१९ रोजी पॅरिसच्या साल गाव्हो सभागृहात ही माळ पहिल्यांदा वाजली. वाजवली मार्गरीतबाईंनी. आपल्याला वाटेल, नवऱ्याच्या नावाचा तुकडा म्हणजे विलापच असणार. तसे नाही. तो टोकाटा आहे, अतिशय द्रुत. एकच पट्टी दोन्ही हातांनी आळीपाळीने, पाऊस पत्र्यावर पडावा तशी ठोकीत जावे लागते. डोळे भरून आले तर बोट चुकायचे. माझ्या मते राव्हेलने तिच्यावर याहून मोठे उपकार केले नसतील : रडायला जागाच ठेवली नाही.

बाई स्वभावाने कडक आणि मानी. विद्यालयाचे संचालक थोर संगीतकार गाब्रिएल फोरे. त्यांच्या रचना तिने आवडीने वाजवल्या, आणि वरच्या वर्गाच्या जागेवरून त्यांच्याशीच बिनसले. तो वर्ग तिला १९२० साली मिळाला. फोरे त्याच वर्षी निवृत्त झाले! शिक्षकमंडळींना यात नवल वाटू नये. १९४० पर्यंत तिने तिथे शिकवले. मग देश जर्मनांच्या ताब्यात असताना व्हायोलिनवादक झाक तिबो यांच्यासह १९४३ मध्ये तरुणांसाठी स्पर्धा सुरू केली. तशा दिवसांत स्पर्धा कसली, असे कुणी म्हणेलही. पण एकोणीस वर्षांचा सांसों फ्रांस्वा तीत पियानोत पहिला आला, आणि पुढे त्याचे नाव फार मोठे झाले.

राव्हेलने तिला आणखी एक भेट दिली. वाद्यवृंदासह वाजवायचा एक कंचेर्तो तो स्वतःच वाजवणार होता. त्यासाठी रियाजही केला, पण शरीर साथ देईना. मग तो त्याने मार्गरीतबाईंना अर्पण केला. १४ जानेवारी १९३२ रोजी पॅरिसमध्ये ती वाजवायला बसली आणि राव्हेल वाद्यवृंदापुढे उभा राहिला. नंतर दोघे युरोपभर फिरले.

त्याच वर्षी तिने केलेली ध्वनिमुद्रिका आजही ऐकायला मिळते. तबकडीवर संचालक म्हणून राव्हेलचे नाव छापले होते. प्रत्यक्षात वाद्यवृंद चालवला फ्रेइताश ब्रांकू या पोर्तुगीज गृहस्थांनी, राव्हेल बाजूला उभा राहून देखरेख करीत होता. मधला संथ भाग लागला की लक्ष द्या. वाद्यवृंद गप्प. डावा हात एकच चाल धरून बसतो आणि उजवा एक लांबच लांब गाणे म्हणत जातो, कितीतरी वेळ, मध्ये थांबा नाही. स्वर तर उमटताच विरणारे. एक विझायच्या आत बाई दुसरा त्याला कसा लावून देते, ते ऐका.