ध्रुवावरची वाट आणि कुलाब्याची सुई

भिलाईहून अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनियो या शहराकडे सरळ जावयाचे झाले तर तोंड कोणत्या दिशेला करावे? हा प्रश्न आम्ही गेल्या काही महिन्यांत मंडळाच्या अनेक सभासदांना विचारला. बहुतेकांनी पश्चिमेकडे हात केला, एकदोघांनी पूर्वेकडे. प्रश्नाचे उत्तर 'उत्तर' हेच आहे, हे सांगितल्यावर मंडळींना ती कोटी वाटली. वस्तुतः ती कोटी नव्हे. भिलाई सुमारे ८१.४ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि सॅन अँटोनियो सुमारे ९८.५ अंश पश्चिम रेखांशावर. दोहोंची बेरीज १८० च्या अगदी जवळ येते. म्हणजे ही दोन गावे पृथ्वीच्या एकाच उभ्या वर्तुळावर, पण ध्रुवाच्या अलीकडे-पलीकडे वसलेली आहेत. मुलांच्या अभ्यासाचा पृथ्वीगोल घरात असेल तर दोन्ही ठिकाणी बोट ठेवून मध्ये दोरा ताणून पाहावा; तो हिमालय आणि सैबेरिया ओलांडून नेमका उत्तर ध्रुवावरून जातो. अंतर सुमारे १४,४०० किलोमीटर. उलट बाजूने, दक्षिण ध्रुवावरून फिरून जावयाचे तर सुमारे २५,६०० किलोमीटर.

आपल्यापैकी कितीतरी घरांतील मुले आज अमेरिकेत आहेत. त्यांच्याशी आपण दूरध्वनीवर बोलतो तेव्हा शब्द समुद्राखालच्या तारांतून जातात, आणि ध्रुवाशी त्यांचा काही संबंध येत नाही. परंतु ज्यांना आपण 'हॅम' म्हणतो त्या हौशी वायरलेसवाल्यांचे तसे नाही. घरच्या छपरावर एरियल उभारून, शंभरेक वॅट शक्तीच्या यंत्राने भिलाईहून टेक्सासला हाक मारावयाची, तर ती ध्रुवावरूनच गेली पाहिजे. ही वाट कधी उघडते, कधी बंद होते, आणि तिच्यावर पाळत ठेवण्यात आपल्या महाराष्ट्राचा वाटा काय, हे या लेखात सांगण्याचा विचार आहे. आम्ही विज्ञानाचे पदवीधर नव्हे. तेव्हा जाणकारांनी आमची भाषा सांभाळून घ्यावी.

वायरलेसच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी तर वाटोळी. मग त्या क्षितिजापलीकडे पोहोचतात कशा? वातावरणाच्या वरच्या भागात, साधारण शंभरापासून चारशे किलोमीटर उंचीवर, सूर्यकिरणांमुळे हवेचे कण विद्युद्भारित होतात. या थराला आयनांबर म्हणतात. लघुलहरी त्यावरून माघारी वळतात, जमिनीवर वा समुद्रावर आपटून पुन्हा वर जातात, आणि अशा उड्या मारीत पृथ्वीला वळसा घालतात. दोन उड्यांच्या मधल्या पट्ट्यात मात्र काहीच ऐकू येत नाही. हाक दोन हजार किलोमीटरवर स्पष्ट पोहोचते आणि चारशे किलोमीटरवरच्या माणसाला तिचा पत्ताही नसतो. ही गोष्ट पुढे कामास येईल.

हा शोध मोठ्या कंपन्यांनी लावला नाही, हौशी मंडळींनी लावला. दोनशे मीटरखालच्या लहरी दूरच्या कामाला निरुपयोगी, असे समजून त्या अमेरिकेत १९१२ च्या कायद्याने हौशांच्या पदरात टाकण्यात आल्या. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी लंडनजवळच्या मिल हिल शाळेतील सेसिल गॉयडर या विद्यार्थ्याचे न्यूझीलंडमधील मेंढपाळीच्या मळ्यावर राहणाऱ्या फ्रँक बेल याच्याशी लघुलहरींवरून दुतर्फा बोलणे झाले. इंग्लंड आणि न्यूझीलंड हे देश पृथ्वीच्या जवळजवळ परस्परविरुद्ध टोकांना आहेत. अशा दोन ठिकाणांमधली कोणतीही वाट साधारण सारख्याच लांबीची. पूर्वेकडून जा, पश्चिमेकडून जा, नाहीतर ध्रुवांवरून जा. जी वाट त्या घटकेला मोकळी असेल ती लहर धरते.

हाच गॉयडर १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता होऊन हिंदुस्थानात आला. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील लघुलहरींची केंद्रे १९३७-३८ मध्ये सुरू झाली ती त्याच्याच कारकिर्दीत. आमच्या लहानपणी सेक्टरांतल्या क्वार्टरांत तांब्याच्या जाळीची एरियल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली असे, आणि रात्री वडीलमंडळी रेडिओचे बटण केसभर इकडे, केसभर तिकडे करीत मुंबईचा आवाज शोधीत असत. तो लाटेसारखा येई आणि जाई. त्या आवाजामागे मिल हिलच्या शाळकरी पोराचा उद्योग होता, हे तेव्हा आमच्या घरात कुणास ठाऊक असणार!

ध्रुवावरची वाट इतर वाटांहून लहरी. पृथ्वी हा एक मोठा चुंबक आहे आणि त्याच्या बलरेषा ध्रुवांजवळ जमिनीत उतरतात. सूर्याकडून येणारे विद्युद्भारित कण या रेषांच्या आधाराने तेथे खाली येतात. त्यांच्यामुळे ध्रुवीय प्रकाशाचे हिरवे-तांबडे पडदे आकाशात हलतात. देखावा मनोहर, पण वायरलेसला घातक. आयनांबराचा खालचा थर तेथे इतका भारित होतो की लघुलहरी माघारी वळण्याऐवजी तेथेच शोषल्या जातात. त्यातूनही निभावून आलेला आवाज कापरा, घोगरा होतो. अनुभवी हॅम नुसत्या कापऱ्या सुरावरून हाक ध्रुवावरून आल्याचे ओळखतो. सूर्यावर मोठा स्फोट झाला तर ही वाट दिवसचे दिवस बंद राहते. उलट सौरडागांच्या भरात, चुंबकीय शांतता असताना, ती एखाद्या सकाळी अकस्मात उघडते आणि घटकाभरात मिटते. कधी उत्तरेकडून दाद लागत नाही तेव्हा एरियलचे तोंड फिरवून दक्षिण ध्रुवावरच्या लांब वाटेने हाक घातली की ती पोहोचते. जवळचा दरवाजा बंद म्हणून साऱ्या गावाला वळसा घालून मागील दाराने जावे, तसे हे.

या वाटेवर माणसांचे प्राणही अवलंबून राहिले आहेत. भिलाईच्या वाचकांना रशियन मंडळी परकी नाहीत, म्हणून ही हकीकत सविस्तर सांगतो. २५ मे १९२८ रोजी जनरल नोबिले यांचे 'इटालिया' हे विमानजहाज उत्तर ध्रुवाहून परतताना बर्फावर कोसळले. बर्फावर नऊ माणसे जिवंत उरली. बियाजी नावाच्या तारायंत्रज्ञाजवळ एक छोटे लघुलहरी यंत्र वाचले होते. त्यावरून तो दिवसरात्र मदतीची हाक देत होता. त्यांचे स्वतःचे जहाज त्यामानाने जवळ, स्पिट्सबर्गेनच्या किनाऱ्याला उभे होते. पण त्याला काही ऐकू येईना. वर सांगितलेला मधला मुका पट्टा तो हाच. अखेर ३ जून रोजी दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर, रशियातील वोझ्नेसेन्ये-वोख्मा नावाच्या खेड्यात, निकोलाय श्मिट या हौशी तरुणाने घरी जुळविलेल्या यंत्रावर ती हाक पकडली. त्याने मॉस्कोला तार केली. पुढे शोधाला दिशा मिळाली आणि 'क्रासिन' या रशियन बर्फफोड्या जहाजाने जुलैमध्ये उरलेल्या माणसांना उचलले. शेजाऱ्याला ऐकू आले नाही ते परक्या देशातल्या खेडुताला ऐकू आले.

दुसरी हकीकत एर्न्स्ट क्रेंकेल यांची. १२ जानेवारी १९३० रोजी ते उत्तर ध्रुवाजवळच्या फ्रान्झ योझेफ बेटांवरील सोविएट ठाण्यात यंत्रापाशी होते. बाहेर ध्रुवावरची दीर्घ रात्र. त्यांच्या हाकेला उत्तर आले ते दक्षिण ध्रुवखंडावरील अमेरिकन दर्यावर्दी बर्ड यांच्या तळावरून, जेथे त्या ऋतूत सूर्य मावळतच नव्हता. पृथ्वीच्या दोन टोकांमध्ये, सुमारे १९ हजार किलोमीटरवर, तुटपुंज्या शक्तीच्या यंत्रांनी संभाषण घडले. क्रेंकेल पुढे १९३४ मध्ये बुडालेल्या 'चेल्युस्किन' जहाजावर होते. बर्फावर अडकलेल्या शंभरावर माणसांचा बाहेरच्या जगाशी दुवा तेच होते. त्या बुडालेल्या जहाजाचे संकेतनाम पुढे त्यांना स्वतःची खूण म्हणून बहाल करण्यात आले. असा बहुमान सरकारी खात्यांकडून क्वचितच मिळतो, हे आम्ही सरकारी नोकर म्हणून सांगू शकतो.

आता आपल्या घराकडे वळू. ध्रुवावरची वाट बंद पडते त्याच वेळी साऱ्या पृथ्वीचे चुंबकत्व डळमळते, आणि ते ध्रुवापासून दूर असलेल्या चुंबकसूचीलाही कळते. म्हणून हॅम मंडळी आजही हाक मारण्यापूर्वी चुंबकीय अस्थिरतेचे आकडे पाहतात. हे आकडे टिपण्याचे काम वायरलेसचा जन्म होण्याच्या अर्धशतक आधीपासून मुंबईत चालू होते.

कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. प्रारंभी ती जहाजांना वेळ कळावी म्हणून होती. १८४१ पासून प्रा. ऑर्लेबार यांनी तेथे चुंबकीय वेध सुरू केले. बाळशास्त्री जांभेकरांचा या वेधशाळेशी संबंध होता, आणि पुढे पुण्यात लोकमान्यांचे गुरू म्हणून विख्यात झालेले केरो लक्ष्मण छत्रे ऐन तारुण्यात ऑर्लेबार यांच्या हाताखाली येथेच नोकरीस होते. काम कंटाळवाणे. ठरलेल्या वेळी सुईचे स्थान पाहावयाचे आणि वहीत आकडा लिहावयाचा. रात्र असो, पाऊस असो. छायाचित्रणाने आपोआप नोंद होण्याची सोय तेथे यावयाची होती.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात कॅरिंग्टन यांना सूर्यावर एक झगमगता स्फोट दिसला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ येऊन आदळले. मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्याच्या वहीत क्षितिजसमांतर चुंबकबल थोड्या अवधीत सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद आहे. युरोपातील अनेक वेधशाळांची यंत्रे त्या दिवशी मोजपट्टीबाहेर गेली. कुलाब्यात मात्र माणसे डोळ्यांनी पाहून आकडे लिहीत राहिली. ती कोण होती, हे आम्हांस सांगता येत नाही. २००३ मध्ये अमेरिका व ब्राझीलमधील शास्त्रज्ञांसह भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे लाखिना व अलेक्स यांनी त्या वादळाची तीव्रता ठरविली, ती याच वहीच्या आधारे. त्या आकड्यांचा उपयोग १४४ वर्षांनी होईल, हे लिहिणाऱ्यांच्या स्वप्नीही नसेल.

४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री तर ध्रुवीय प्रकाश खुद्द मुंबईत दिसल्याचे वृत्त आहे, आणि मुंबई-एडनच्या तारेवरील कामकाजात व्यत्यय आला. (आपल्या कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले ती तारीखही ४ फेब्रुवारीच, साल १९५९. योगायोगापलीकडे त्यात काही नाही; पण भिलाईकराच्या ध्यानात राहावे म्हणून सांगितले.)

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरले तेव्हा कुलाब्याच्या सुईवर गंडांतर आले. विजेच्या प्रवाहाने तिच्या नोंदी भ्रष्ट होणार. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी हट्टाने नवी जागा शोधली ती अलिबागला. तेथे १९०४ पासून नोंदी सुरू झाल्या, आणि कुलाब्याच्या व अलिबागच्या नोंदी १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी घेतल्या गेल्या, म्हणजे जुन्या आकड्यांचा सांधा नव्यांशी बिनचूक जुळावा. ट्रामही थांबली नाही आणि साखळीही तुटली नाही. चुंबकीय वेधांच्या त्या इमारतीत लोखंड वर्ज्य! ज्या गावाचे सगळे आयुष्य लोखंडावर चालते त्या गावातल्या आम्हांस ही गोष्ट वाचून गंमत वाटली. भिलाईत ती सुई एक दिवसही टिकली नसती.

पुढे भारत स्वतःच ध्रुवाकडे गेला. डॉ. कासीम यांच्या नेतृत्वाखालील पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरली. 'दक्षिण गंगोत्री', मग 'मैत्री', आणि २०१२ मध्ये 'भारती' ही ठाणी झाली. अलिबागची वेधशाळा चालविणाऱ्या भूचुंबकत्व संस्थेची यंत्रे तेथेही आहेत. कोकणातल्या सुईला ज्या वादळाची खबर लागते, त्याचे मूळ रूप आता ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याजवळून पाहता येते. ज्या दक्षिण ध्रुवखंडावरून भिलाईची हाक लांब वाटेने टेक्सासला जाते, त्यावर आज आपली माणसे हिवाळा काढतात.

भूस्थिर उपग्रहांचा पल्ला ध्रुवापर्यंत पुरत नाही. त्यामुळे ध्रुवावरून जाणाऱ्या विमानांना लघुलहरींचा आधार अजून घ्यावा लागतो, आणि चुंबकीय वादळाचा इशारा मिळाला तर ती मार्ग बदलून दक्षिणेकडे उतरतात. तेव्हा सुट्टीत घरी येणाऱ्या मुलांच्या प्रवासातही या सुईचा हात असू शकतो. १० मे २०२४ च्या रात्री असेच मोठे वादळ आले. लडाखमधील हान्लेच्या आकाशात तांबडा उजेड दिसला, आणि लघुलहरींवरचे संभाषण ठिकठिकाणी विस्कळीत झाले. अलिबागच्या नोंदींत ती रात्रही आली आहे. कुलाब्याच्या १८५९ च्या पानाइतकी खोल मात्र नाही.